नाव आधी कानात

९ फेब्रुवारी

आज आमच्या अंगणात तीसेक घरांचे कर्ते जमले आणि पाणी-चहा विसरून एका नावावर भांडले. बाग कापणीला आली असताना नाव काय घेऊन बसलात, असं कोणी विचारेल. पण मस्कतच्या ग्राहकाने आमच्या शेतकरी गटाच्या ज्ञानेश्वरला स्पष्ट कळवलं आहे: गटाची स्वतःची वेबसाइट आणि तिच्याच नावाचा ईमेल असेल तरच पुढचं बोलू. फुकटच्या पत्त्यांवरून आलेल्या मेलने तो एकदा फसला आहे. पहिला कंटेनर मार्चच्या सुरुवातीला भरायचा आहे. तोवर हे उभं राहिलं नाही तर तो दुसरीकडे जाईल, आणि आम्हाला शालिग्राम शेठच्या दारात उभं राहावं लागेल. रावेरात केळीचा भाव शेठ म्हणेल तो. यंदा या घरांनी त्याला 'माल देणार नाही' असं तोंडावर सांगितलं, ते माझ्या शब्दावर. तीस वर्षं सभांतून बोलतो आहे मी, पण एवढ्या लोकांनी माझ्या बोलण्यावर उभं पीक पणाला लावलं, असं आधी घडलं नव्हतं.

मी नाव सुचवलं: स्वाभिमानी केळी उत्पादक क्रांती. गटातला निंबा म्हणाला, "भाऊ, हे नाव खोक्यावर लिहायचं तं खोकं ट्रॉलीएवढं लागीन." हसले सगळे. मलाही हसावं लागलं.

ज्ञानेश्वर आमच्या गटाचा सचिव. रावेरात त्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तो म्हणाला, नाव छोटं पाहिजे, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला टाइप करता आलं पाहिजे. मुक्ताई, तापी, सातपुडा, खान्देश, एकेक नाव तो मोबाइलवर घालून बघायचा आणि म्हणायचा, "गेलं." जत्रेत दुकानाची जागा शोधत फिरावं आणि प्रत्येक जागेवर कोणाचं तरी पोतं आधीच अंथरलेलं असावं, तसं.

शेवटी अक्का बोलली. भागाबाई, माझी थोरली बहीण. लग्नानंतर चाळीस वर्षं धुळ्याकडे होती. भावजी गेल्यावर परतली आणि आपल्या वाट्याची केळी स्वतः करते, पण जीभ तिकडचीच राहिली. "खोकामा काय भरतस? फणी ना? मंग फणी म्हना."

'फणी' गेलेलं होतं. 'तापीफणी डॉट कॉम' मोकळं निघालं. घडातून सोडवलेली केळीची फणी, आणि जिच्या पाण्यावर ती वाढली ती तापी. इतकं साधं नाव मला सुचलं नव्हतं.

ज्ञानेश्वर म्हणाला, "भाऊ, आत्ताच घेऊन टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

मी नको म्हणालो. बाराला मुक्ताईनगरला मेळावा आहे, मोठा पडदा लावणार आहेत. हजार शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे नाव घ्यायचं, कळ तिथे दाबायची. अक्का म्हणाली, "पोरनं नाव पहिले कानमा सांगतस भाऊ, मंग लोकेसले." मी तिला जरा लागेल असंच उत्तर दिलं. म्हटलं, कानातल्या कुजबुजीनेच आपलं वाटोळं केलं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, केळीचा भाव शेठच्या गादीवर कानात ठरतो. आपलं सगळं उघड्यावर होईल. टाळ्या पडल्या. अक्काने पदर सावरला.

खोक्यांवर छापायचा मजकूर संध्याकाळी जळगावच्या छापखान्यात धाडला. मोठ्या अक्षरात तापीफणी, खाली पत्ता. ज्ञानेश्वर दाराशी घुटमळला, "भाऊ, खोकी तरी नंतर..." मी म्हटलं, ज्याचा निश्चय डळमळतो त्याने चळवळीत येऊ नये.

११ फेब्रुवारी

दिवसभर उद्याच्या भाषणाची तयारी. सुरुवात पक्की झाली, शेवट नाही.

संध्याकाळी मोबाइलवर नूतनचं नाव तीनदा आलं. मी घेतला नाही. माझी एकुलती एक मुलगी गेल्या वर्षापासून शालिग्राम शेठच्या पॅकहाऊसमध्ये आहे, परदेशी मालाचे कागद आणि मेल सांभाळते. मी ज्या माणसाविरुद्ध गावोगाव बोलतो त्याच्याच चाकरीत. ती म्हणाली होती, "आबा, मला काम शिकायचंय, आणि जिल्ह्यात ते तिथेच शिकता येतं." मी म्हणालो होतो, शिकून घे, आणि तिथेच राहा. ती रावेरात खोली घेऊन राहते. या घरात तिचं नाव मी काढत नाही, तिच्या आईला, कुंदालाही काढू देत नाही.

तिसऱ्यांदा वाजल्यावर कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकदा घ्या तरी. सारखी करते म्हणजे काही तरी असेल."

"भाषणाच्या आदल्या दिवशी माझं मन मोडायचं असेल," मी म्हणालो आणि फोन उलटा ठेवला.

तरुणपणी तापीच्या काठावर तोंडात गारगोट्या धरून बोलायचा सराव करायचो. ग्रीसमधल्या एका वक्त्याने तसं केलं होतं, असं वाचलं होतं. आज कुंदा त्यावरून म्हणाली, "त्या गारगोट्या उगाच काढल्या तोंडातून."

१२ फेब्रुवारी

'हे नाव उपलब्ध नाही.'

पडद्यावर माणसाएवढ्या अक्षरांत. आज एवढंच लिहू शकतो.

१३ फेब्रुवारी

लिहिलंच पाहिजे.

भाषण चांगलं चाललं होतं. मांडव भरला होता, मागे बायका उभ्या होत्या. मी म्हणालो, "आजवर आपल्या मालाला नाव दुसऱ्यांनी दिलं, आज आपण देऊ," आणि ज्ञानेश्वरला खूण केली. त्याने नाव टाइप केलं, कळ दाबली. ओळ उतरली, लाल अक्षरांत. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तीच. मागून कोणी तरी ओरडलं, "भाऊ, नाव पळालं तुमचं!" मांडव हसला.

मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. शेवटी टाळ्या पडल्या, आणि त्या पडल्या याचीच मला लाज वाटते.

आज ज्ञानेश्वरने शोधलं. मालकाचा रकाना झाकलेला आहे. पाहिजे तर तो गुप्त ठेवता येतो म्हणे. तारीख मात्र दिसते: ११ फेब्रुवारी. म्हणजे मेळाव्याच्या आदल्या दिवशी. अंगणातल्या बैठकीतून नाव बाहेर गेलं, हे उघड आहे. पण आमच्यापैकी ज्ञानेश्वर सोडून हे काम जमणारं कोण आहे? आणि त्याने ते करायचं असतं तर मला घाई कशाला केली असती?

जेवताना कुंदाला विचारलं, कोणाला सांगितलंस का? तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "नूतनला. दहा तारखेला. आनंदाची गोष्ट म्हणून सांगितली. खोकी छापायला टाकली हेही सांगितलं."

मी ताट बाजूला सारलं. आता कोडं कसलं?

१६ फेब्रुवारी

खोकी आली. ओसरीवर छपरापर्यंत रचली आहेत. जिकडे बघावं तिकडे तेच नाव, आणि ते आपलं नाही. काल वाऱ्याने वरची दोन पडली, मी दचकून उभा राहिलो.

ज्ञानेश्वर म्हणतो, दुसरं नाव घेऊ, खोक्यांवर कागद चिकटवू. पण मस्कतला तापीफणी हेच नाव कळवून झालं आहे, मीच कळवायला लावलं होतं. दुसरं नाव सांगितलं की त्याला पहिली शंका आमचीच येईल. निंबा आज आला आणि बसलाच नाही. "भाऊ, माह्या बागेत घड भरले. आठ-दहा दिवसांत कापले नही तं झाडावर पिकतीन. शेठचा मानूस काल बांधावर उभा व्हता." मी विचारलं, काय म्हणाला? "काही नही म्हने. हासत व्हता."

दुपारी कुंदाचा फोन वाजला. ती बोलली, मग फोन माझ्यापुढे धरून उभी राहिली. फोनमधून बारीक आवाज येत होता, "आबा... आबा, ऐका..." मी पायात चपला घालून बागेत निघून गेलो. परतलो तेव्हा फोन ओट्यावर पडला होता आणि कुंदा धुणं धूत होती, सकाळीच धुतलेलं.

रात्री उठून गटाची यादी काढली. तीसेक घरं. प्रत्येक घराचा चेहरा मला पाठ आहे.

१९ फेब्रुवारी, धुळे

इथल्या व्याख्यानमालेत माझं भाषण वर्षापूर्वीच ठरलेलं होतं. विषय होता 'शब्दाचं सामर्थ्य'. सभागृह भरलेलं. धुळ्याचा श्रोता जाणता आहे, कच्चं बोललेलं त्याला चालत नाही.

पाऊण तास विषयावर बोललो. मग समोरच्या पहिल्या रांगेत एक म्हातारे शेतकरी दिसले, हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग असलेले, आणि माझा तोल सुटला. तोल सुटला असं का लिहितो? मी जाणूनबुजून बोललो. सांगितलं की आमचं नाव चोरलं गेलं. सांगितलं की चोर परका नाही, रावेरातल्या एका शेठच्या पॅकहाऊसमध्ये कागद सांभाळणारी माझी स्वतःची मुलगी आहे. म्हणालो, "घरभेदी घरातच जन्मतो. बाप म्हणून मला रडू येतं, पण कार्यकर्ता म्हणून मी तिचं नाव घेतो." आणि घेतलं.

सभागृह उभं राहिलं. लोक रडत होते. उतारवयाच्या एका बाई पाया पडल्या.

अन्यायाला नातं नसतं. हे मी आयुष्यभर सांगत आलो, आज पाळलं.

२० फेब्रुवारी

धुळ्याच्या भाषणाचा तुकडा मोबाइलवर सगळीकडे फिरतो आहे. तीन तालुक्यांतून फोन आले. जळगावचे एक वकील म्हणाले, "भाऊ, काळीज लागतं याला."

नूतनचे फोन बंद झाले. आता सकाळ नाही, संध्याकाळ नाही. अपराधी माणूस असाच गप्प होतो.

मी परतल्यापासून कुंदाने माझ्याशी एक शब्द उच्चारलेला नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. संध्याकाळी अक्का येऊन तिच्याजवळ बसली. दोघी हळू बोलत होत्या, मी गेलो तशा थांबल्या. मी म्हणालो, अक्का, तू तरी समजून घे. अक्का म्हणाली, "मी बठ्ठं समजस भाऊ. तू बोलस तवय तुले ऐकू येत नही, एवढंच."

२३ फेब्रुवारी

आज खुद्द शालिग्राम शेठचा फोन. आवाज तुपासारखा.

"प्रेमराजभाऊ, आभार मानायला केला."

मी विचारलं, कसले आभार?

"तुमच्या त्या धुळ्याच्या भाषणाचे. छापखान्यात आमच्या माणसाने तुमची खोकी पाहिली होती. अकराला संध्याकाळी मी सांगितलं, ते नाव आपल्याकडे घेऊन ठेवा. तर घ्यायला गेलो आणि कोणी तरी आधीच घेतलेलं! दहा दिवस डोकं खाजवत होतो, भाऊ, कोणाकडे गेलं म्हणून. माझ्याच हापिसात बसलंय ते तुमच्यामुळे कळलं. नाही तर पोरगी काही बोलली नसती."

आणि हसून फोन ठेवला.

किती निर्लज्ज नाटक! स्वतः घ्यायला लावायचं आणि वर म्हणायचं मला ठाऊक नव्हतं. मला जखमेवर मीठ चोळायला फोन केला, दुसरं काय.

पण त्याला खोटं बोलायची गरज काय होती? दुपारपासून हा एकच प्रश्न फिरतो आहे. मस्कतहून दुसरं स्मरणपत्र आलं आहे. बागेत घडांवर पिवळी झाक दिसायला लागली. मी भरउन्हात बांधावर बसून राहिलो. कोणी बोलवायलाही आलं नाही.

२५ फेब्रुवारी

अक्का कोणाला न सांगता सकाळच्या एसटीने रावेरला गेली होती. दुपारी आली, माझ्यासमोर बसली, पाणी प्यायली. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"नाव पोरनीच घिदं. तुनासाठी. छापखानामा शेठना मानूस खोकं देखी गया, ते तिले हापिसमा कयनं. तिनी त्याच संध्याकायले सोताना पैसासमा घी ठेवं, शेठना पहिले. तुले तीनदाव फोन करा. तू घिदा का?"

मी मान हलवली, नाही.

"आते शेठ तिले म्हने, नाव मना नाववर कर, नही ते उद्यापासून येऊ नको. तिनी किल्ल्या टेबलवर ठेव्यात नि उठी गई. तुनं भाषण आयकाना पहिले त्याले काहीच मालूम नव्हतं."

अक्का उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली, गुडघे दुखतात म्हणून. हात काढायला तिने जरा उशीर केला.

मी नाव गमावलं नव्हतं. ते सगळे दिवस आमच्याकडेच होतं. शत्रूला त्याचा पत्ता मी दिला, आणि पत्ता देताना लोकांना रडवलं.

कुंदाकडे गेलो. म्हणालो, मला ठाऊक नव्हतं. ती भांडी घासत होती. "मलाही नव्हतं," ती म्हणाली. "पण ती आपली पोर आहे, एवढं ठाऊक होतं."

२७ फेब्रुवारी, भुसावळ

नूतन नाशिककडे निघाली. तिथे द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये काम मिळालं आहे. इथे आता तिला कोण ठेवणार? शेठच्या लेखी ती आमची आणि गावाच्या लेखी शेठची. तुकडा अजून फिरतोच आहे. थांबवायचा कसा हे मला माहीत नाही, ज्ञानेश्वरलाही नाही.

फलाटावर आम्ही पाच जण. ज्ञानेश्वरने बाकावरच मोबाइल उघडला होता. नूतनने आपल्याकडचं नाव गटाच्या खात्यावर सोपवलं. खरोखरच दोन मिनिटांचं काम.

मी पुढे झालो. सकाळपासून वाक्यं जुळवली होती. "नूतन, न्याय करणाऱ्याने आधी—"

"आबा, हळू. लोक बघताहेत."

खरंच बघत होते. एकाने मोबाइल वर धरला होता. मी आवाज खाली आणला, तर पुढचं वाक्यच सापडेना. वर चढवल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे मला या वयात कळलं.

"काय सांगणार होतीस त्या दिवशी फोनवर?" एवढंच विचारलं.

"हेच. की नाव घेऊन ठेवलंय, स्टेजवर कळ दाबू नका, नुसतं भाषण करा."

"आईजवळ निरोप ठेवायचास."

"आईला सांगितलं की ती तुम्हाला सांगणार आणि तुम्ही मेळाव्याला. माझी रोजीरोटी तिथे होती, आबा. तुम्ही फोन घेतला असता तर तुमच्याकडून वचन घेणार होते, कोणाला न सांगण्याचं." तिने पिशवीचा बंद खांद्यावर सरकवला. "खरं तर तुम्ही ते पाळलं असतं का, माहीत नाही."

कुंदाने तिच्या हातात दशम्यांचा डबा दिला. नूतन ज्ञानेश्वरला म्हणाली, "नवा पासवर्ड तुमच्याकडे आणि आत्याकडे राहील. आबांना सांगायचा नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते वाईट करतील म्हणून नाही. भरात बोलून जातील म्हणून."

गाडी लागली तेव्हा ती वाकली आणि अक्काच्या कानाशी तोंड नेलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, इथे भाचीने आत्याच्या कानात सांगितलं. अक्काने डोळे मिटून मान हलवली, मग ओठातल्या ओठात दोनदा घोकलं. मी चार हातांवर उभा होतो. गाड्यांचा, फेरीवाल्यांचा आवाज इतका होता की मला काही ऐकू आलं नाही, आणि मी जवळही गेलो नाही.

पायाला हात लावायला ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

२ मार्च

वेबसाइट उघडली. तापीफणीच्या पत्त्यावरून मेल गेला आणि मस्कतहून होकार आला. निंबाच्या बागेपासून कापणी सुरू झाली. त्याचे दहा-बारा घड झाडावरच पिकून गेले होते. ते त्याने पोरांना खायला दिले.

खोकी भरताना सगळे म्हणाले, भाऊ, दोन शब्द बोला. मी नको म्हणालो. ज्ञानेश्वर चपापला. मग मी उभा राहिलो आणि एवढंच सांगितलं की हे नाव नूतनने राखलं, धुळ्याला मी जे बोललो ते खोटं होतं. टाळ्या पडल्या नाहीत. कोणी मोबाइलही वर धरला नाही. हा तुकडा कुठे फिरणार नाही.

परत येताना ट्रॉलीवर अक्का शेजारी बसली होती. मी विचारलं, "तुला तो पासवर्ड आठवतो ना अजून?"

"आठवस."

"काय आहे?"

अक्का रस्त्याकडे बघत हसली. "सांगाव नही."

मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर नूतनला फोन लावला. वाजत राहिला, बंद झाला. जेवणाआधी पुन्हा लावला. आता हे लिहिण्याआधी तिसऱ्यांदा. कुंदा तिचा फोन माझ्यापुढे ठेवून गेली आहे. त्यावरून लावला तर नूतन लगेच घेईल, मला माहीत आहे. तो मी उचललेला नाही. मी आहे हे ठाऊक असताना तिने घ्यावा. उद्या सकाळी माझ्याच फोनवरून पुन्हा लावीन.